अर्ध्या गुणाचे अंतर

संध्याकाळी दुकान वाढवण्याची वेळ झालेली असते. गल्ल्यातील रोकड मोजून रोजमेळ जुळवण्याचे काम चाललेले असते आणि नेमकी त्याच वेळी मुलगी मोबाईल हातात घेऊन माडीवरून खाली येते. एम.डी. पॅथॉलॉजी झालेली ही मुलगी. इंग्लंडमधील एका विद्यापीठात कर्करोगावर संशोधन करून डॉक्टरेट मिळवावी, ही तिची अनेक वर्षांची इच्छा. मुलाखत उत्तम झाली, प्राध्यापकांनी पसंती कळवली, प्रवेशाचे पत्रही आले. मात्र त्या पत्रात एक अट होती. आयल्ट्स या इंग्रजी भाषेच्या परीक्षेत सरासरी ७.५ आणि चारही विभागांत प्रत्येकी किमान ७ गुण हवेत. आज निकाल लागला आहे. श्रवण ८, वाचन ८, लेखन ६.५, संभाषण ७. सरासरी नियमाप्रमाणे ७.५ भरते, परंतु लेखन अर्ध्या गुणाने मागे राहिले आहे.

"पप्पा, बेरीज जुळली, पण एक खाते कमी पडले," ती म्हणते.

व्यापारी बापाला ही भाषा लगेच समजते. एका पार्टीकडे येणे जास्त आहे म्हणून दुसऱ्या पार्टीचे देणे फिटत नाही. प्रत्येक खाते आपापल्या जागी चुकते व्हावे लागते.

हे चित्र कोणा एका घराचे नाही. व्यापारी घरांतील मुले-मुली गेल्या दोन पिढ्यांत मोठ्या संख्येने वैद्यकीय शिक्षणाकडे वळली. त्यांतील अनेकांना आता एम.बी.बी.एस. किंवा एम.डी. एवढ्यावर थांबावेसे वाटत नाही. संशोधनाची डॉक्टरेट, तीही परदेशातील नामवंत संस्थेत, हे त्यांचे पुढचे ध्येय आहे. प्रवेश परीक्षा, शिफारसपत्रे, संशोधनाचा आराखडा, खर्चाची तरतूद या सर्वांचा विचार घरात होतो. इंग्रजीच्या परीक्षेचा विचार मात्र बहुधा सर्वांत शेवटी होतो. सर्व शिक्षण इंग्रजीतून झालेले असताना इंग्रजीची परीक्षा ती काय, असा सर्वसाधारण समज असतो. अर्ध्या गुणाने अडलेली ही मुलगी त्याच समजाची किंमत मोजत असते.

पत्र हीच परीक्षा होती

महाराष्ट्राला या विषयाचा एक जुना आणि हृद्य संदर्भ आहे. कल्याण येथे १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत गेल्या आणि फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. त्या काळी आयल्ट्स नव्हती आणि टोफेलही नव्हती. प्रवेशाची विनंती करणारे इंग्रजी पत्र त्यांनी लिहिले आणि ते पत्र हाच त्यांच्या भाषेचा पुरावा ठरला. ते पत्र आजही फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जतन केलेले आहे. प्रस्थानापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी अमेरिकेला जाण्यामागील आपला हेतू इंग्रजी भाषणातून श्रोत्यांसमोर मांडला होता. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षांचेही पूर्ण झाले नव्हते.

त्यांच्या पदवीच्या प्रबंधाचा विषय प्राचीन आर्य हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हा होता. आपल्या परंपरेतील ज्ञान परक्या भाषेत, परक्या परीक्षकांना समजेल अशा रीतीने मांडणे, हे त्या प्रबंधाचे काम होते. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याकडून आजही हीच अपेक्षा असते. फरक इतकाच की तेव्हा एक अधिकारी एक पत्र वाचून निर्णय घेऊ शकत असे. आज एका विद्यापीठाकडे जगभरातून हजारो अर्ज येतात, आणि अर्जासोबतचा निबंध अर्जदारानेच लिहिला आहे किंवा नाही याची खात्री देता येत नाही. म्हणून सर्वांना एकाच मापाने मोजणाऱ्या परीक्षेची गरज निर्माण झाली.

मापे कशी तयार झाली

केंब्रिज विद्यापीठाने परभाषक व्यक्तींसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा १९१३ मध्ये सुरू केली. ती सुमारे बारा तास चालत असे. त्या पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. आजच्या निराश उमेदवाराने ही हकीकत लक्षात ठेवावी. अमेरिकेची टोफेल परीक्षा १९६४ पासून घेतली जाऊ लागली, तर ब्रिटिश कौन्सिल, ऑस्ट्रेलियाची आयडीपी आणि केंब्रिज यांच्या संयुक्त मालकीची आयल्ट्स १९८९ मध्ये आजच्या नावाने सुरू झाली.

आयल्ट्समध्ये श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण असे चार विभाग असून प्रत्येकाचे मोजमाप ९ पैकी होते. श्रवण आणि वाचन यांत प्रत्येकी ४० प्रश्न असतात. त्यांपैकी सुमारे ३० बरोबर आले तर ७ आणि सुमारे ३५ बरोबर आले तर ८ गुणांची पातळी मिळते. लेखनासाठी एक तास असतो. पहिल्या भागात एखादा आलेख किंवा तक्ता किमान १५० शब्दांत समजावून सांगायचा आणि दुसऱ्या भागात किमान २५० शब्दांचा निबंध लिहायचा. दुसऱ्या भागाचे वजन पहिल्याच्या दुप्पट असते. संभाषण परीक्षकाशी समोरासमोर किंवा व्हिडिओद्वारे ११ ते १४ मिनिटे चालते. चारही गुणांची सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्या गुणापर्यंत पूर्ण केली जाते. वरील मुलीची खरी सरासरी ७.३७५ होती, ती ७.५ धरली गेली. बेरजेत अशी सवलत मिळते, वेगवेगळ्या विभागांच्या किमान अटीत मात्र ती मिळत नाही.

टोफेलमध्ये अनेक वर्षे प्रत्येक विभागाला ३० याप्रमाणे एकूण १२० गुण असत. जानेवारी २०२६ पासून तिची मोजणी १ ते ६ अशी झाली असून संक्रमणाच्या काळात जुन्या पद्धतीशी तुल्य असा आकडाही निकालपत्रावर दिला जातो. त्यामुळे थोरल्या भावाला मिळालेल्या गुणांशी धाकट्या बहिणीच्या गुणांची तुलना करताना घरातील मंडळींनी आधी वर्ष पाहावे.

दोन दरवाजे, दोन चाव्या

वैद्यकीय पदवीधराच्या बाबतीत सर्वांत मोठा गोंधळ येथेच होतो. विद्यापीठाचा दरवाजा वेगळा आणि रुग्णालयाचा दरवाजा वेगळा.

केवळ प्रयोगशाळेत संशोधन करून डॉक्टरेट मिळवायची असेल, तर विद्यापीठाची भाषिक अट पूर्ण करणे पुरेसे असते. ही अट सर्वत्र सारखी नसते. ऑक्सफर्ड विद्यापीठात दोन पातळ्या आहेत. सर्वसाधारण पातळीसाठी आयल्ट्समध्ये सरासरी ७ आणि प्रत्येक विभागात ६.५, तर उच्च पातळीसाठी सरासरी ७.५ आणि प्रत्येक विभागात ७ अशी मागणी असते. कोणत्या अभ्यासक्रमाला कोणती पातळी लागू आहे, हे त्या अभ्यासक्रमाच्या माहितीत दिलेले असते. स्टॉकहोममधील कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट ही वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिकाशी निगडित असलेली संस्था. तेथे डॉक्टरेटसाठी स्वीडनच्या उच्च माध्यमिक शाळेतील 'इंग्रजी ६' या पातळीइतके ज्ञान अपेक्षित असते. आयल्ट्सच्या भाषेत ते सरासरी ६.५ आणि कोणत्याही विभागात ५.५ पेक्षा कमी नाही, असे होते. याचा अर्थ असा की, ज्या निकालपत्रावर एका देशात प्रवेश अडतो, त्याच निकालपत्रावर दुसऱ्या देशातील तितक्याच मान्यवर संस्थेचा दरवाजा उघडू शकतो.

परंतु संशोधनासोबत रुग्ण तपासायचे असतील, तर त्या देशाच्या वैद्यकीय परिषदेची नोंदणी लागते. ब्रिटनची जनरल मेडिकल कौन्सिल आयल्ट्समध्ये एकाच बैठकीत सरासरी ७.५ आणि प्रत्येक विभागात ७ मागते. अथवा ओईटी या वैद्यकीय व्यावसायिकांच्या परीक्षेत चारही विभागांत 'बी' श्रेणी म्हणजे ५०० पैकी किमान ३५० गुण चालतात. अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी जाणाऱ्या परदेशी पदवीधरांनाही २०२० नंतर ओईटी द्यावी लागू लागली, कारण रुग्णाशी संवाद तपासणारी तेथील प्रत्यक्ष परीक्षा कोविडच्या काळात थांबली आणि २०२१ मध्ये कायमची बंद करण्यात आली.

येथे पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. मुलाचे एम.बी.बी.एस. इंग्रजीतून झाले आहे, महाविद्यालयाचे तसे प्रमाणपत्रही आहे, मग परीक्षा कशासाठी? काही विद्यापीठे संशोधनाच्या प्रवेशासाठी असे प्रमाणपत्र स्वीकारतात, म्हणून ते मागून ठेवणे शहाणपणाचे आहे. मात्र ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेचा नियम बारकाईने वाचला पाहिजे. केवळ पुस्तके आणि परीक्षा इंग्रजीत असून भागत नाही. शिक्षणकाळात रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि सहकारी यांच्याशी झालेल्या संवादापैकी किमान ७५ टक्के संवाद इंग्रजीतून झालेला असावा लागतो. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयाच्या वॉर्डात कोणता विद्यार्थी हे म्हणू शकेल? तेथे "आजी, कुठे दुखतंय?" असेच विचारावे लागते, आणि तेच योग्य असते. ज्या मराठीने तो चांगला डॉक्टर झाला, तिच्यामुळेच त्याला इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. यात मराठीचा दोष नाही आणि नियमाचाही नाही. परक्या देशातील आजीला तिच्या भाषेत कुठे दुखते ते विचारता यावे, एवढीच नियमाची अपेक्षा आहे.

गुण कोठे गळतात

वाचन आणि श्रवण यांत आपली मुले सहसा मागे पडत नाहीत. वर्षानुवर्षे जाडजूड इंग्रजी ग्रंथ वाचण्याची सवय तेथे उपयोगी पडते. गळती होते ती लेखनात. यामागील कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण शिक्षणपद्धतीचे. बारावीपासून पदव्युत्तर प्रवेशापर्यंत सर्व महत्त्वाच्या परीक्षा पर्याय निवडण्याच्या असतात. महाविद्यालयातील उत्तरेही मुद्देसूद, तुटक वाक्यांत आणि आकृत्यांसह लिहिली जातात. सलग चार परिच्छेदांत एक विचार मांडून तो शेवटास नेण्याचा प्रसंग अनेकांना शालेय निबंधानंतर आलेलाच नसतो.

दुसरे कारण मातृभाषेच्या घडणीचे. मराठीत, गुजरातीत किंवा मारवाडीत इंग्रजीतील 'अ' आणि 'द' यांसारखी उपपदे नाहीत, त्यामुळे ती कोठे घालावीत आणि कोठे गाळावीत हे कानाला आपोआप कळत नाही. 'रुग्णाला तीन दिवसांपासून ताप आहे' हे वाक्य आपल्याकडील केसपेपरवर 'पेशंट इज हॅविंग फीवर सिन्स थ्री डेज' असे उतरते. आपल्या सर्व डॉक्टरांना ते कळते, म्हणून ते कोणी दुरुस्तही करत नाही. इंग्रजी भाषकाच्या कानाला मात्र तेथे क्रियापद आणि 'सिन्स' दोन्ही खटकतात. तो 'हॅज हॅड अ फीवर फॉर थ्री डेज' असे म्हणेल. 'डिस्कस अबाऊट' हाही याच जातीचा प्रयोग. मराठीत आपण एखाद्या गोष्टी'विषयी' चर्चा करतो, इंग्रजीत ती गोष्टच थेट चर्चिली जाते. अशा चुका एकट्या असताना क्षुल्लक वाटतात, पण एका पानावर दहा-बारा झाल्या की सहा आणि सात यांतील अंतर तयार होते.

तिसरे कारण पाठांतराचे. काही शिकवणी वर्ग तयार वाक्यांचे साचे देतात आणि कोणताही विषय आला तरी तोच आरंभ आणि तोच शेवट लिहायला सांगतात. परीक्षकाला असे साचे तत्काळ ओळखता येतात. लेखनाचे मूल्यमापन चार निकषांवर समान वजनाने होते: विचारलेल्या प्रश्नाचे नेमके उत्तर, विचारांची सुसंगत मांडणी, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. पाठ केलेला साचा यांपैकी पहिल्याच निकषावर घसरतो.

उच्चारांविषयीची भीती मात्र बऱ्याच अंशी अनाठायी आहे. भारतीय वळणाने बोलल्याबद्दल गुण कापले जात नाहीत. बोललेले सहज समजले पाहिजे. घाईघाईने बोलणे आणि परदेशी उच्चारांची नक्कल करणे यांनीच अधिक नुकसान होते.

रुग्णासमोरचे इंग्रजी

ऑस्ट्रेलियात परदेशातून येणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांसाठी १९८०च्या दशकाच्या अखेरीस विकसित झालेली ओईटी परीक्षा बारा आरोग्य व्यवसायांसाठी घेतली जाते. डॉक्टरांसाठीच्या परीक्षेतील लेखनात ४५ मिनिटांचा अवधी असतो. त्यात एका रुग्णाची टिपणे दिलेली असतात आणि त्यांवरून दुसऱ्या डॉक्टरला पत्र लिहायचे असते. टिपणांत आवश्यक आणि अनावश्यक दोन्ही प्रकारची माहिती मिसळलेली असते. सर्व काही उतरवून काढणाऱ्याला चांगले गुण मिळत नाहीत. पत्र वाचणाऱ्याला काय हवे आहे हे ओळखून तेवढेच, योग्य क्रमाने लिहिणाऱ्याला मिळतात. पत्राचा हेतू सुरुवातीलाच स्पष्ट व्हावा, हा तेथील पहिला निकष आहे.

आरंभी उल्लेखिलेल्या घरातील वडिलांनी मुलीचे सरावाचे असे एक पत्र वाचले, तर ते कदाचित म्हणतील, "बेटा, पार्टीला पत्र लिहिताना मी आधी लिहितो की काय हवे आहे. मग लिहितो की का हवे आहे. जुनी हकीकत शेवटी, तीही गरज असेल तरच." ज्या पिढीने आयुष्यभर मालाच्या तक्रारीची, उधारीच्या तगाद्याची आणि बँकेला द्यायची पत्रे लिहिली, तिच्याकडे हे ज्ञान मुरलेले आहे. त्याची भाषा मराठी किंवा हिंदी असली, तरी त्यातील शिस्त इंग्रजी पत्रालाही तशीच लागू होते.

संभाषणाच्या भागात दोन प्रसंग असतात आणि समोरची व्यक्ती रुग्णाची अथवा नातेवाइकाची भूमिका करते. घाबरलेल्या व्यक्तीला धीर देणे, अवघड शब्द टाळून आजार समजावणे, तिला बोलण्याची संधी देणे यांचेही गुण असतात. वैद्यकीय ज्ञान तेथे तपासले जात नाही. तरीही अनेक हुशार डॉक्टर औषधांची नावे सांगण्यात वेळ घालवतात आणि समोरच्याचे ऐकायचे राहून जाते.

नियमामागील एक मृत्यू

हे सर्व इतके काटेकोर का, याचे उत्तर इंग्लंडमधील एका घटनेत मिळते. फेब्रुवारी २००८ मध्ये जर्मनीहून आलेल्या एका डॉक्टरने केंब्रिजशायरमध्ये आपल्या पहिल्याच पाळीत सत्तर वर्षांच्या एका रुग्णाला वेदनाशामक डायमॉर्फिनची नेहमीच्या मात्रेच्या दहापट मात्रा दिली. रुग्णाचा मृत्यू झाला. चौकशीत औषधाविषयीचे अज्ञान आणि थकवा यांबरोबरच आणखी एक बाब पुढे आली. एका आरोग्य प्राधिकरणाने इंग्रजी अपुरे असल्याने या डॉक्टरला नाकारले होते, तरी दुसऱ्या प्राधिकरणाने त्याला यादीत घेतले. युरोपातील तत्कालीन नियमांमुळे युरोपीय डॉक्टरांची भाषा तपासण्याचा अधिकार ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेला नव्हता. भारतीय डॉक्टरांना मात्र ही परीक्षा आधीपासूनच द्यावी लागत होती. मृताच्या कुटुंबीयांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर २०१४ मध्ये कायदा बदलून परिषदेला तो अधिकार मिळाला आणि त्याच वर्षी आयल्ट्सची आवश्यक सरासरी ७ वरून ७.५ करण्यात आली.

अर्धा गुण वाढला तो अशा पार्श्वभूमीवर. रागाने निकालपत्र बाजूला सारणाऱ्या उमेदवाराला ही हकीकत सांगितली, तर त्याचा राग कदाचित शमणार नाही, पण नियमाचे कारण त्याला पटेल.

खर्च आणि मुदत

आता हिशेबाचा भाग. आयल्ट्सचे शुल्क भारतात सतरा-अठरा हजार रुपयांच्या घरात आहे, तर ओईटीचे शुल्क ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये आकारले जाते आणि ते आयल्ट्सच्या दीडपटीहून अधिक होते. दोन-तीन वेळा परीक्षा दिली की ही रक्कम शिकवणीच्या शुल्कासह लाखाच्या जवळ जाते. म्हणून 'एकदा बसून पाहू' ही वृत्ती महाग पडते. आधी घरी घड्याळ लावून संपूर्ण सराव परीक्षा द्यावी, चारही विभागांत आपण कोठे आहोत ते पाहावे आणि मगच तारीख घ्यावी.

निकालाची मुदत साधारणपणे दोन वर्षे असते. ती संपल्यावर तो जुन्या तारखेच्या चेकसारखा होतो. रक्कम लिहिलेली असते, पण वटत नाही. ऑक्सफर्डसारख्या ठिकाणी ही दोन वर्षे अभ्यासक्रमाच्या आरंभापासून मागे मोजली जातात, हेही ध्यानात घ्यावे. इंटर्नशिप संपताच उत्साहाने दिलेली परीक्षा एम.डी. झाल्यावर उपयोगी पडत नाही. उलट प्रवेशाची अंतिम तारीख तोंडावर आल्यावर दिलेली परीक्षा दुसऱ्या प्रयत्नाला वाव ठेवत नाही. प्रवेश ज्या शरद ऋतूत हवा आहे, त्याच्या सुमारे एक वर्ष आधी पहिला प्रयत्न, हा सुवर्णमध्य ठरतो. अनेक विद्यापीठे आधी अर्ज स्वीकारतात आणि निकाल नंतर सादर करण्याची मुभा देतात, त्यामुळे निकाल हाती नाही म्हणून अर्जच न करणे, हीही चूक आहे.

एखाद्या विभागात अपेक्षेपेक्षा फार कमी गुण आले, तर परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांत फेरतपासणी मागता येते. गुण बदलले तर तिचे शुल्क परत मिळते. संगणकावर आयल्ट्स दिलेल्या उमेदवाराला साठ दिवसांच्या आत केवळ एकाच विभागाची पुनर्परीक्षा देण्याचीही सोय आता उपलब्ध आहे. मात्र अशा निकालाचा स्वीकार प्रत्येक संस्था करतेच असे नाही. पैसे भरण्यापूर्वी संबंधित विद्यापीठाला किंवा परिषदेला एक ओळीचे पत्र पाठवून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी आश्वासनावर माल उचलायचा नसतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

आडवाटेचा मोह

अर्ध्या गुणासाठी अडलेल्या घरी कधी कधी एखादा मध्यस्थ येतो आणि परीक्षेला न बसताच निकालपत्र मिळवून देण्याची भाषा करतो. येथे स्पष्टपणे बोलले पाहिजे. निकालपत्रावरील क्रमांकावरून विद्यापीठे आणि परिषदा थेट परीक्षा संस्थेकडे पडताळणी करतात. बनावट कागद तेथेच उघडा पडतो आणि त्या नोंदीची सावली पुढील प्रत्येक व्हिसा अर्जावर आणि वैद्यकीय नोंदणीवर पडते.

ब्रिटनमध्ये २०१४ साली टोइक नावाच्या दुसऱ्या एका इंग्रजी परीक्षेतील गैरप्रकार उघडकीस आले. त्यानंतर तीस हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले. त्यांत भारतीयही बरेच होते. त्यांपैकी काही जण निर्दोष असल्याचे पुढे न्यायालयांत मान्य झाले, परंतु तोवर त्यांची शिक्षणाची वर्षे आणि घरच्यांचा पैसा गेलेला होता. काहींनी धरलेल्या आडवाटेची किंमत सरळ मार्गाने गेलेल्यांनाही मोजावी लागली. पेढीची पत उभी राहायला दोन पिढ्या लागतात आणि ती एका खोट्या कागदाने जाते. मुलाच्या नावाच्या पतीचेही तसेच आहे.

पानभर रोज

मग मार्ग कोणता? तो साधा आहे आणि थोडा कंटाळवाणा आहे. रोज एक पान इंग्रजीत लिहावे, तेही हाताशी असलेल्या विषयावर: आज पाहिलेली केस, वाचलेला शोधनिबंध, दुकानात आलेले एक गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवशी ते पान स्वतःच तपासावे आणि वारंवार होणाऱ्या चुकांची एक वेगळी वही ठेवावी. एखाद्या जाणत्या व्यक्तीकडून आठवड्यातून एकदा ती पाने तपासून घ्यावीत. दोन-तीन महिन्यांत वहीतील तीच ती चूक कमी होताना दिसते, आणि मग निकालपत्राचीही फारशी भीती वाटत नाही.

या सरावाचा लाभ परीक्षेपुरता राहत नाही. डॉक्टरेटचा प्रबंध म्हणजे शेकडो पानांचे सलग लेखन. नियतकालिकाकडे पाठवलेला शोधनिबंध परत आला की परीक्षकांच्या आक्षेपांना मुद्देसूद उत्तर लिहावे लागते, आणि शेवटी मौखिक परीक्षेत आपल्या कामाचे समर्थन तोंडी करावे लागते. साडेसहाच्या लेखनावर तेथे पोहोचलेला विद्यार्थी हुशारीत कमी नसतो, पण प्रत्येक पानाला त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. दारावर अर्धा गुण अडवणारी संस्था नकळत त्याला पुढील तीन-चार वर्षांच्या या ओझ्याची सूचना देत असते.

आणि ज्या भाषा परीक्षेत मोजल्या जात नाहीत, त्यांचे काय? घरात मारवाडी किंवा गुजराती, बाजारात मराठी, महाविद्यालयात इंग्रजी अशा तीन भाषांत वाढलेले मूल ऐकणाऱ्याप्रमाणे बोलणे बदलायला लहानपणीच शिकलेले असते. आजीशी एक शब्द, गिऱ्हाइकाशी दुसरा आणि प्राध्यापकांशी तिसरा. ही त्याची मूळ पुंजी आहे. इंग्रजीचा सराव करताना घरातील भाषा बंद करण्याचा हट्ट काही पालक धरतात. तो व्यर्थ आहे, आणि त्याने तोटाच होतो.

माडीवरून खाली आलेल्या त्या मुलीच्या हातात अजून पाच महिने आहेत. वडिलांनी रोजमेळ मिटून बाजूला ठेवला आहे. तिने विद्यापीठाला एक पत्र लिहायला घेतले आहे: एका विभागाची पुनर्परीक्षा आपणांस मान्य आहे काय? पहिल्याच वाक्यात प्रश्न आहे, दुसऱ्यात कारण आहे, आणि जुनी हकीकत तिने गाळली आहे. वडील चष्मा चढवून ते वाचतात. इंग्रजीचे व्याकरण त्यांना फारसे कळत नाही, पण पत्राला काय हवे आहे ते एका नजरेत कळते. ते मान हलवतात आणि म्हणतात, "आता पाठव."